हलणार न्हाई अशी गाडी

मला भेकड म्हणतात गावात. म्हणू द्या. साडेसात तास दगडमातीखाली पडून बघा न मग बोला माझ्याशी.

भूकंपाच्या पहाटे आमचं माळवद अंगावर आलं. उज्वलाचे वडील निजल्या जागी गेले. मी दाराच्या चौकटीशी अडकले, कमरेपासून खाली मातीत न तोंडापुढं वीतभर जागा. उज्वला, माझी पोर, तवा दहावीला होती. गणपती बुडवून उशिरा आली, उकडायलंय म्हणून अंगणात निजली, म्हणून सुटली. तिनं हातांनी मला उपसून काढलं. दुपारी मी बाहेर निघाले तवा पोरीच्या दहाही बोटांतून रगत गळत होतं. तवापासून आमच्या भागात तिचं नाव झालं. वाघीण हाय पोरगी, असं ज्यानं त्यानं म्हणावं न मी पदरानं डोळे पुसावे.

मी मात्र तवापासून छताखाली जात न्हाई. सरकारनं पत्र्याचं शेड दिलं, त्यात भांडी न धान्य राहतं. मी बाहेर कडूलिंबाच्या झाडाखाली. पाऊस आला तर पोत्याची खोळ घेते न बसून राहते. पण छतापरीस मला जास्त भ्या हाय ते हलण्याचं. खालून काही हललं की माझे हातपाय गळतात. दावणीतली म्हैस खुंट्याला अंग घासायली तरी मी उठून पळते. शेजारची साखराबाई हसते, "केवळाबाई, म्हैस हाय गं ती!" हसंना का. तिचा नवरा हाय घरात बसलेला.

यष्टीत दोनदा बसून बघितलं. पहिल्यांदा इंजन चालू झालं, पायाखालचा पत्रा थरथरला, न मी दारातून उडीच टाकली. गुडघा फुटला. दुसऱ्यांदा कंडक्टरनं हाताला धरून बसवलं तर त्याला चावले. सांगायला लाज वाटते, पण चावले. ट्रॅक्टर तर सगळं अंगच खुळखुळवतो. बैल होते ते दोन्ही गोठ्यात दबले. एकदा चालतच निघाले लातूरला, तर औशाच्या अलीकडं पाय सुजले न वळखीच्या माणसांनी परत आणून सोडलं.

लातूर कशाला, तर उज्वला तिथं शिकायला होती. दहावीला तिला एवढे मार्क पडले की मास्तर घरी आले. म्हणले, हिला इथं ठेवू नका, लातूरला टाका, डॉक्टर होईल. तेव्हा सगळ्या मराठवाड्याची पोरं लातूरला धावायली होती. भूकंपाची पोर म्हणून कालेजात न हॉस्टेलात जागाही मिळाली. आता बारावीची परीक्षा महिन्यावर आली होती, अभ्यास हाय म्हणून पोर दिवाळीलाबी आली नव्हती, न मी एक डावबी तिची खोली बघितली नव्हती.

आमच्याकडं पोर लातूरला असलं की सकाळच्या यष्टीनं घरचा डबा जातो. डायव्हर ओळखीचा असतो, डब्यावर नाव रंगवलेलं असतं, न सांजच्या गाडीनं रिकामा डबा परत येतो. रविवारी आया स्वतः डबा घेऊन जातात, पोरांच्या केसांना तेल लावतात, उरलेलं खाऊन परत येतात. माझा डबा रविवारीही एकटाच जायचा.

म्हणून डबा हीच माझी भेट. डबा उघडला की मला कळायचं, आज मेथी आवडली, आज घाई होती, आज मैत्रिणीला दिलं. न त्या माघात डबा भरलेला परत यायला लागला. एक दिवस, दोन दिवस. भाकरी जशीच्या तशी, वाळून कडक झालेली. मी डब्यात चिठ्ठी घातली, साखराबाईच्या सुनेकडून लिहून घेतली. उत्तर आलं, आई, भूक नसते, अभ्यास हाय, काळजी करू नको. पुढच्या चिठ्ठीला तर उत्तरच न्हाई. माझा भाऊ बजरंग जाऊन बघून आला. म्हणला, "बरी हाय गं आक्का. वाळलीय जराशी." वाळलीय जराशी! मामाला पोरगी काय सांगणार हो? दारातच उभं राहून बोलली म्हणे त्याच्याशी.

आठव्या दिवशी डबा भरलेला आला तवा मी तो तसाच उचलला न अंगणात गेले. अंगणात बजरंगची गाडी उभी होती.

ह्या गाडीचं सांगते. बजरंगचं जळकोटला वेल्डिंगचं दुकान होतं. भूकंपानंतर मला बघायला आला न माझे हाल बघून राहिलाच. दिवसभर घरकुलांच्या कामावर जायचा न रिकाम्या वेळात ही गाडी करायचा. नांदेडच्या भंगारातून त्यानं एका मोडक्या जीपचा सांगाडा ट्रकवर घालून आणला. त्याच्यावर जुन्या फियाटचं इंजन, स्टेअरिंग तिसऱ्याच कशाचं तरी, न बोनेट म्हणून पेंडीच्या पिंपाचा पत्रा. मदतीला औशाचा खाजामिस्त्री, त्याचा जुना दोस्त. दर रविवारी तो सायकलवर पाने-पकडी बांधून यायचा. दोघं गाडीखाली शिरायचे, वर दिसायचे ते चार पाय. चौदा महिने माझ्या अंगणात हे चाललेलं.

"आक्का, तुझ्यासाठीच करायलोय," बजरंग म्हणायचा. "वरती टप न्हाई. मोकळी. बसली की आभाळ दिसतंय बघ."

"माझ्यासाठी म्हणे! ल्हानपणी माझ्या बांगड्यांची चाकं करून गाडी केलीस तीबी माझ्यासाठीच का?"

"हावच की."

"न ही हलणार न्हाई का?"

तिथं तो परत गाडीखाली शिरायचा. हलणार न्हाई अशी गाडी कुणी केलीय? पण खाजाभाई हट्टी माणूस. त्यानं डोकं लढवलं. भूकंपानंतर आमच्याकडं घरोघरी लोकं निजताना पेल्यावर पेला रचून ठेवायचे, जमीन हादरली की पेले पडतील न जाग येईल म्हणून. खाजाभाईनं तशीच सहा पेल्यांची चळत गाडीच्या शिटावर रचली न इंजन चालू केलं. पेले खणाखणा खाली आले. तो आवाज ऐकून अख्खी गल्ली पोरंबाळं घेऊन बाहेर पळाली, मी सगळ्यांच्या पुढं. साखराबाईनं त्या दिवशी दोघांना अशा काही शिव्या घातल्या की मलाबी चार नव्या कळल्या.

पण मिस्त्री मागं हटला न्हाई. ट्रकच्या टायरचे तुकडे कापून इंजनाखाली घातले. मग दुहेरी घातले. शिटाची स्प्रिंग काढून कापसाची गादी घातली. दर रविवारी पेले रचायचे, गल्लीला आधी ओरडून सांगायचं, न मग चालू करायचं. संक्रांतीनंतरच्या रविवारी पेले हलले, पण पडले न्हाईत. खाजाभाई माझ्याकडं बघून म्हणला, "आक्का, आता बोला." मी चुलीकडं वळले. मला वाटलं होतं त्यांना जमणार न्हाई न मला बसावं लागणार न्हाई. खरं ते सांगते.

तर त्या रविवारी सांजेला भरला डबा हातात घेऊन मी म्हणलं, "बजरंग, उद्या लातूरला जायचं."

गाडीखालून तो बाहेर आला. "उद्या? आक्का, अजून रस्त्यावर घातली न्हाई ही. अंगणातून फाट्यापर्यंतसुद्धा गेली न्हाई."

"मग उद्या जाईल."

तो खाजाभाईकडं बघायला लागला. खाजाभाईनं हात पुसले. "आक्का, तुमच्याशी खोटं न्हाई बोलत. ब्रेक मागच्याच चाकाला हाय. पुढचं काम बाकी हाय. हँडब्रेक तर हायच न्हाई."

"मग थांबलेली गाडी उभी कशी राहती?"

"मी मागं बसतो. थांबली की उडी मारून चाकाला दगड लावतो."

"नंबराची पाटी?"

"ती बी न्हाई. पोलिसानं धरलं तर सांगायचं, बाई बीमार हाय, दवाखान्यात चाललो."

पण डबा हातात होता. म्हणलं, "मग सकाळी या. न दगड चांगला जड बघून ठेवा."

रात्री डोळ्याला डोळा लागला न्हाई. सकाळी साखराबाईनं गाडीला कुंकू लावलं, चार चाकांखाली चार लिंबं ठेवली. खाजाभाई "बिस्मिल्ला" म्हणून मागं चढला. बजरंगनं आंघोळ करून टेरिकॉटचा शर्ट घातला होता, मेल्यानं, वरात असल्यासारखा. सगळ्यांनी मला धरून पुढच्या शिटावर चढवलं. मी शिटाच्या पाइपला दोन्ही हातांनी धरलं न डोळे मिटले.

इंजन चालू झालं. खालून ती थरथर पायात शिरली, पायातून मांड्यांत, तिथून पोटात. गादी न टायरचे तुकडे असूनबी मला ती कळली. पुन्हा त्याच वीतभर जागेत तोंड असल्यासारखं झालं. नाकात माती. मी ओरडले, "बंद कर! बजरंग, बंद कर रे मुडद्या!"

त्यानं बंद केलं. कुणी हसलं न्हाई त्या दिवशी.

"उतरायचं का आक्का?" त्यानं विचारलं. आवाज बारीक केला होता.

उतरायचंच होतं मला. पाय खाली टाकलाबी होता. पण मांडीवर ताजा डबा होता, गरम, न मला वाटलं, हाबी सांजला भरलेलाच येईल. उद्याचाबी येईल. मग एक दिवस डायव्हर डबा घ्यायलाच येणार न्हाई. मी पाय वर घेतला. "चालू कर. न मी कितीबी ओरडले तरी आता बंद करू नको."

लिंबं फुटली, गाडी निघाली. फाट्यापर्यंत मी ओरडतच होते. शेतातली माणसं उठून बघायली. फाट्याच्या पुढं घसा बसला म्हणून थांबले. गाडी बैलापरीस थोडी जोरात चालत असेल. मागं खाजाभाई मोठा दगड मांडीवर घेऊन बसला होता न सारखं विचारत होता, "आक्का, ठीक हाय?" दर खड्ड्याला तेच. शेवटी मी म्हणलं, "खाजाभाई, एकदा मेले की सांगते तुम्हाला, तवर गप बसा."

मग उतार आला. मोठा न्हाई, ओढ्याचा उतार. पण गाडीनं आपल्या मनानं वेग घेतला. बजरंग ब्रेक दाबायला लागला, मागची चाकं कुई कुई करायली न गाडी थांबायचं नाव घेईना. ओढ्याच्या फरशी पुलावर कुणाची तरी म्हैस उभी. बजरंगच्या कपाळावर घाम मी बघितला. त्याचे ओठ हलायले होते, देवाचं नाव घेत होता का मला शिव्या देत होता देव जाणे. हॉर्न मात्र मोठा बसवला होता त्यानं, ट्रकचा. म्हशीनं मान वळवली, सावकाश बाजूला झाली, आम्ही तिच्या शेपटीला लागून पाण्यातून पलीकडं गेलो न चढावर आपोआप थांबलो. खाजाभाईनं उडी टाकून दगड लावला न तिथंच रस्त्यावर खाली बसला.

"जरा दम घेऊ," तो म्हणला. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ही दोघंबी माझ्याएवढीच भ्यालीत.

दम घेऊन निघालो. पुढचं एक गाव आलं न बघते तर काय, सगळं गाव रस्त्यावर. बाया कडेवर पोरं घेऊन उभ्या, म्हातारी माणसं खाटा टाकून बाहेर, शाळेची पोरं रांगेनं मैदानात. सगळी आमच्याकडंच बघायली.

बजरंग फुलला. "आक्का, बघ! खबर पुढं पोचली वाटतं गाडीची!" त्यानं तो मोठा हॉर्न दोनदा वाजवला न हात वर केला. खाजाभाईनं मागं दगड खाली ठेवून केस नीट केले. न मी पण, खोटं कशाला बोलू, पदर सारखा केला. म्हणलं, बघा, केवळाबाई गाडीत बसून चाललीय. सव्वादोन वर्षांत मला असं बरं वाटलं नव्हतं.

कुणी हात वर केला न्हाई. गाडी पारापाशी हळू झाली. एक म्हातारी जवळ आली न माझ्याच वयाची एक बाई रडत तिच्या मागं.

"हॉर्न काय वाजवायलाव?" म्हातारी ओरडली. "लाज हाय का? आत्ता एवढा मोठा हादरा बसला न तुम्ही मिरवत चाललाव?"

"कुठं हादरा?" मी म्हणलं.

"कुठं काय? इथं. सगळीकडं. भांडी पडली की घराघरातली. तुम्हाला न्हाई कळलं?"

मला न्हाई कळलं. म्हैस अंग घासायली तरी उठून पळणारी मी, मला न्हाई कळलं. जमीन हलली तवा मी गाडीत बसून आणखीनच हलत होते. मी पायाखाली बघितलं, मग म्हातारीकडं बघितलं, न मग एकदम डोक्यात वीज पडली. उज्वला. तिसरा मजला. तिची खोली तिसऱ्या मजल्यावर हाय असं तिनंच सांगितलं होतं, वारं छान येतं म्हणून.

"लातूरला बी बसला असंल का?" बजरंगनं विचारलं. म्हातारी म्हणली, आम्हाला काय माहीत.

तिथं एक फोनचं दुकान होतं, बाहेर रांग लागलेली. खाजाभाई रांग मोडून घुसला, लोकांच्या शिव्या खाल्ल्या, हॉस्टेलचा नंबर लावला. मी गाडीतूनच बघत होते. रिसीव्हर कानाला धरून तो उभा. कितीतरी वेळ उभा. मग परत आला न माझ्याकडं न बघता म्हणला, "घंटी वाजती. कुणी उचलंना."

"पळव," मी बजरंगला म्हणलं.

"आक्का, ब्रेक..."

"ब्रेकचा काय उपयोग हाय आपल्याला? थांबायचं न्हाई कुठं. पळव!"

पुढचं मला नीट आठवत न्हाई. गाडी इतकी हलली असेल की सहा काय साठ पेले पडले असते. बोनेटचा पत्रा उडाला, तो मागं शेतात जाऊन पडला, कुणी आणायला थांबलं न्हाई. औशात पोलीस आडवा आला, खाजाभाई मागून ओरडला, "बाई बीमार हाय!" न माझं तोंड बघून त्या पोलिसाला ते खरंच वाटलं असणार. इंजनातून वाफ यायला लागली तवा मी पिण्याचं पाणी ओतायला दिलं, न तेवढं एकच मिनिट मी खाली उतरून रस्त्यावर उभी राहिले. पायाखाली जमीन स्थिर होती. आता मला तिच्यावर अजिबात भरोसा राहिला नव्हता. मीच परत गाडीत चढले, कुणी धरलं न्हाई.

सारखं एकच मनात. मी लिंबाखाली जपून बसले न पोरीला तिसऱ्या मजल्यावर छताखाली ठेवलं.

लातुरात शिरलो तर रस्ते पोरापोरींनी भरलेले. क्लास सुटले होते. घरं उभी होती, एकबी पडलेलं दिसलं न्हाई. जीव जरा भांड्यात पडला. हॉस्टेलच्या दारात पन्नास-साठ पोरी घोळक्यानं उभ्या, कुणाच्या हातात पुस्तक, कुणाच्या अंगावर गाऊन. बजरंगनं गाडी समोरच्या भिंतीला टेकवून थांबवली. मी एकेका पोरीचं तोंड बघत सुटले. उज्वला न्हाई.

एक पोरगी पुढं आली, ओढणी नीट करत. "तुम्ही उज्वलाच्या आई ना? मी मुबश्शिरा, तिच्या खोलीतली." डब्याच्या चिठ्ठ्यांत हिचं नाव यायचं. तिचे डोळे रडून लाल झाले होते. "काकू, ती वरच हाय. आम्ही सगळ्या पळालो, ती हललीच न्हाई. मी ओढलं तिला. मग तिनं आतून कडी लावली."

"लागलंय का तिला?"

"न्हाई. पण ती आठ-दहा दिवसांपासून अशीच करायली. मागं एकदा रात्री इथं एक बारका हादरा झाला ना, तवापासून. निजत न्हाई, जेवत न्हाई. कुणाला सांगू नको म्हणली मला. विशेषतः घरी."

बजरंग वर पळाला. आम्ही खाली उभं राहून वाट बघितली. तो परत आला तवा त्याचा चेहरा उतरला होता. "आक्का, उघडंना. बोलंना बी. दार तोडू का? दार तोडलं न ती घाबरून गॅलरीकडं गेली तर?"

मी त्या इमारतीच्या दाराकडं बघितलं. आत अंधार न जिना. वर स्लॅब, त्याच्यावर स्लॅब, त्याच्यावर स्लॅब. माझ्या कानात घूं घूं व्हायला लागलं. मी खालून हाक मारली, "उज्वले!" बसलेल्या घशातून आवाजच निघंना. आणखी दोनदा मारली. वरची खिडकी बंद ती बंदच.

गेले मग. धीट झाले म्हणून न्हाई, तसं कुणी समजू नका. भिंतीला धरून, बसून बसून, एकेक पायरी गेले. दुसऱ्या मजल्यावर उलटी झाली. बजरंग मागनं "आक्का, आक्का" करत होता, त्याला म्हणलं, तू खालीच थांब. पोरगी तुझ्यासमोर बोलायची न्हाई.

दाराशी पोचले न तिथंच जमिनीवर बसले. दारावर हात मारला.

"उज्वला, मी आलेय."

आत काहीतरी सरकलं. मग तिचा आवाज, दाराच्या अगदी जवळून. "आई? तू वर कशी आलीस?"

"बजरंगच्या गाडीतून आले. कडी काढ. मला इथं एकटीला भ्या वाटायलंय."

कडी निघाली. पोरगी दारामागंच बसली होती, गुडघे छातीशी धरून. गालफडं बसलेली, डोळे खोल गेलेले. मी आत सरकले न तिला धरलं. तिचं सगळं अंग कापत होतं, माझंबी. कोण कुणाला सांभाळायलंय तेच कळंना.

"एवढी धीट पोर तू," मी म्हणलं. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणलं.

ती एकदम बाजूला झाली. "धीट म्हणू नको मला! तू तरी म्हणू नको." न मग तिनं सांगितलं. भिंतीकडं बघून सांगितलं. "त्या पहाटे मी पळून गेले होते आई. घर पडलं, तू आतून ओरडत होतीस, मला ऐकू येत होतं. न मी पळाले. पार शेतापर्यंत. दिवस उजाडेपर्यंत तिथं बांधावर बसून होते. दुसरी माणसं आली, उपसायला लागली, तवा परत आले न त्यांच्यात मिसळले. लोक मला वाघीण म्हणतात. न मला रोज तुझ्या हाका ऐकू येतात. हादरा झाला की पाय उचलत न्हाईत माझे. वाटतं, परत पळाले तर परत तसंच होईल."

म्हणून पोर दिवाळीला घरी आली न्हाई. म्हणून अन्न गिळंना. सव्वादोन वर्षं हे पोटात घेऊन बसली होती. न मी काय करत होते? लिंबाखाली बसून माझी भीती गावाला दाखवत होते. माझ्या भीतीनं घरात एवढी जागा धरली होती की तिच्या भीतीला ठेवायला कोपरा उरला न्हाई. चीड आली मला माझी, लई चीड आली.

"मला माहीत हाय," मी म्हणलं.

ती भिंतीकडून माझ्याकडं वळली.

"तू पळालीस ते मला माहीत हाय. मी आतून ऐकलं. तुझे पाय अंगणातून धावत गेले, कुंपणाच्या काट्या मोडल्या, मग लांब गेलीस. तवर मी जीव खाऊन ओरडत होते, कारण मला वाटत होतं तूबी कुठंतरी दबलीस. पाय वाजले न मी गप झाले. म्हणलं, एक सुटली. आता भिंत पडू दे न काहीबी होऊ दे. नंतरचे सगळे तास मी तेवढ्यावर काढले पोरी. तू पळाली नसतीस तर मी दुपारपर्यंत टिकलेच नसते."

"खोटं बोलायलीस. मला बरं वाटावं म्हणून."

"काट्या कुठल्या कोपऱ्यातल्या मोडल्या सांगू? म्हशीच्या दावणीकडच्या. तुझा परकर अडकला, तू शिवी दिलीस. मी तुला शिवी देताना पहिल्यांदा ऐकलं."

ती ल्हान पोरीसारखी रडायला लागली, आवाज काढून, न मी तिला रडू दिलं. वर स्लॅब होता. मी त्याच्याकडं एकदाही बघितलं न्हाई असं न्हाई, सारखी बघत होते. पण उठले न्हाई.

डोळे पुसून ती म्हणली, "आई, खाली जायचं का?"

"जाऊ. पण मला जिना उतरता येणार न्हाई एकटीला."

"मलाबी न्हाई," ती म्हणली.

मग आम्ही बसून बसून उतरलो, एकेक पायरी, मी पुढं न ती माझ्या पदराला धरून मागं. दारात पोरी बाजूला झाल्या, न कुणीतरी आम्हाला पाणी दिलं.